नांगर विकणाऱ्या माणसाचा टाक

शंकर वासुदेव किर्लोस्कर यांची ओळख आता ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक एवढीच उरली आहे. जुन्या वाचकांना ‘शंवाकि’ ही सही आठवते. ती सही लेखांखाली असायची तशी व्यंगचित्रांखालीही असायची, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानातून गेलं. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने त्यांच्या व्यंगचित्रांचं पुस्तकही निघालं होतं; टाक म्हणजे शाईत बुडवून चालवायची लेखणी. मराठी व्यंगचित्राचा इतिहास मुंबई-पुण्यातून सुरू करायची आपल्याला सवय आहे. त्यातला एक ठळक धागा मात्र आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातून, एका कारखान्याच्या वसाहतीतून निघतो. त्याचं मूळ शोधायला औंध संस्थानापर्यंत जावं लागतं.

सुरुवात शंकररावांच्या काकांपासून करायला हवी. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे कळलं आणि रंगकाम सुटलं. रेषा तेवढी उरली. यंत्रांची आरेखनं शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. किर्लोस्कर उद्योगाचा मूळ पुरुष ड्रॉइंग मास्तर होता, ही गोष्ट उद्योगाच्या गौरवग्रंथांत एका ओळीत उरकली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते. कागदावर नेमकं काढता आलं तर लोखंडात नेमकं ओतता येतं, हा त्या घराचा पाया होता.

पुढे ते बेळगावात आले. आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण खपेना. लोखंड जमिनीत गेलं की जमीन विषारी होते, असं शेतकरी मानत. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. मालात खोट नसताना केवळ समजुतीपायी धंदा अडला होता. शंवाकिंच्या पुढच्या सगळ्या व्यंगचित्रांकडे या सहा नांगरांवरून पाहावं, असं माझं मत आहे.

बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानाने जागा दिली. कुंडल रोड स्टेशनजवळचं ते निवडुंगाने भरलेलं माळरान. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत, त्यामुळे दोन्हींचा संबंध चटकन लक्षात येत नाही. मुळात सांगली जिल्हा झाला १९४९ मध्ये, तोही ‘दक्षिण सातारा’ या नावाने. त्याआधी कुंडल परिसर औंधाच्याच राज्यात होता.

जागा देणारे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून ते गावोगाव माहीत असतात, पण त्यांचं ‘चित्ररामायण’ आता फारसं कोणी उघडत नाही. १९१६ मध्ये छापलेलं हे पुस्तक म्हणजे रामकथा क्रमाने सांगणारी चित्रमालिका. चौकटी आणि फुगे त्यात नाहीत, म्हणून त्याला कॉमिक म्हणता येणार नाही. तरी चित्रामागून चित्र लावत कथा पुढे न्यायची, हे काम त्यात आहेच. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी हेच काम पोथीतली सुटी चित्रं एकेक करून दाखवत आणि गात पिढ्यान् पिढ्या करत आले होते.

याच कोकणातल्या सावंतवाडी संस्थानातले श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८). वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर म्हणून सगळ्यांना माहीत, पण पोटापाण्याचा मूळ व्यवसाय चित्रकाराचा. जे. जे.मध्ये शिकले, मेयो पदक मिळवलं, हैदराबादेत आणि नंतर लाहोरला व्यक्तिचित्रं आणि छायाचित्रं यांवर संसार केला. लाहोरला त्यांच्याकडे चित्रकला शिकायला गेलेल्यांत तरुण शंकरराव होते. पुढे गुरू औंधात स्थायिक झाले, ‘स्वाध्याय मंडळा’तून वेदांच्या संहिता छापू लागले. शिष्य किर्लोस्करवाडीत विक्री आणि जाहिरात सांभाळू लागला. एकाच राजाच्या आश्रयाने गुरू वेद छापतो आणि शिष्य भिक्षुकशाहीची टर उडवतो, हा योग दुसरीकडे कुठे जुळला असता, शंकाच आहे.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, ते कारखान्याचं घरगुती पत्र म्हणून. १९२९ पासून नुसतं ‘किर्लोस्कर’. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. एका माळरानावरच्या छापखान्यातून तीन मासिकं महाराष्ट्रभर जायची. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून येत. त्याच पानांच्या शेजारी शंवाकिंचा टाक बुवाबाजी, मुहूर्त, सोवळंओवळं यांच्यावर चालायचा. त्यात निव्वळ विनोद नसायचा. नांगर विकताना ज्या समजुती आड आल्या, त्यांच्याशीच ते मासिकातून भांडत होते. म्हणून ही चित्रं कधी कधी जरा जास्तच समजावून सांगतात, जाहिरातीसारखी. पुढच्या पिढीच्या मराठी व्यंगचित्रांत शब्द गळून पडले. शंवाकिंना ते परवडणारं नव्हतं. त्यांचा वाचक नुकताच वाचायला लागला होता.

टाकच का, याला छपाईचंही कारण आहे. ब्रशने केलेलं छायाप्रकाशाचं चित्र छापायचं तर हाफटोन ब्लॉक लागायचा, म्हणजे ठिपक्यांची जाळी, गुळगुळीत महाग कागद. काळ्या शाईच्या रेषेचा लाइन ब्लॉक मात्र स्वस्तात व्हायचा. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, रेषांच्या मधला भाग आम्लाने खायचा, उरलेला उठाव लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. मग तो छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांबरोबर साध्या कागदावरही स्वच्छ उमटे. फक्त रेषा ठाम हवी. चाचरत काढलेली रेषा आम्लात तुटायची. व्यक्तिचित्रं करणाऱ्या गुरूकडे घोटलेला हात इथे कामी आला असणार.

१९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. त्याच वर्षी सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले आणि संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झालं. कारखाना पुन्हा उभा राहिला. मासिकं पुढे पुण्याला गेली. शंवाकिंनी ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र लिहिलं. १ जानेवारी १९७५ ला ते गेले.

शिकवण्याचा धागा मात्र सातवळेकरांच्या घरातून पुढे गेला. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर (१९१५–२००६) औंधात वाढले, राजांच्या मदतीने युरोपात शिकले, मुंबईत त्यांनी कलाशाळा काढली आणि पुढे ते राज्याचे कला संचालक झाले. साताऱ्या-सांगलीची शाळकरी मुलं ज्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात, त्या याच कला संचालनालयाच्या. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आहे, लक्ष्मणरावांनी शिकवलं त्याच्या जवळची भूमितीही आहे. व्यंगचित्राचा पेपर नाही.