अचिव्हमेंटसाठी जुना फुटबॉल गेम घेताना आधी वर्ष पाहा

केवळ अचिव्हमेंटसाठी, म्हणजे गेममधले ठरावीक काम पूर्ण केले की खेळाडूच्या नावावर होणाऱ्या नोंदीसाठी, जुना फुटबॉल गेम खेळावा का, याला सरसकट उत्तर देता येत नाही. आधी गेम कोणत्या वर्षीचा आहे ते पाहावे लागते. २००६ आणि २०११ यांत अंतर पाचच वर्षांचे, पण त्या पाच वर्षांत अचिव्हमेंटची तऱ्हाच बदलली आणि तिचा फटका आज बसतो.

कामगिरीची नोंद गेमबाहेर ठेवण्याची हौस जुनीच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅक्टिव्हिजनच्या गेममध्ये ठरावीक गुण मिळवले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि कंपनीला टपालाने पाठवायचा. पुरावा पटला की घरी कापडी बिल्ला यायचा. २२ नोव्हेंबर २००५ला एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने ही नोंद कन्सोलमध्येच बसवली. डिस्कवर येणाऱ्या गेमला साधारण १००० गेमरस्कोर (अचिव्हमेंटचे गुण), डाउनलोडच्या छोट्या आर्केड गेमला सुरुवातीला २००, आणि सगळी बेरीज खेळाडूच्या प्रोफाइलवर.

कन्सोलसोबतच 'फिफा ०६: रोड टू फिफा वर्ल्ड कप' आला. नव्या यंत्रासाठी घाईत बेतलेला गेम होता तो. भर सगळा विश्वचषकाच्या पात्रता फेरीवर, आणि आधीच्या कन्सोलवर असलेले बरेच मोड (खेळण्याचे प्रकार) गायब. समीक्षकांनी त्याला झोडपले, ते योग्यच होते. पण अचिव्हमेंट जमवणाऱ्याला हाच काळ सोयीचा. यादी नेमकी कशी भरायची याचा अंदाज अजून कोणालाच नव्हता. त्यामुळे त्या पहिल्या हंगामातल्या अनेक क्रीडा गेममध्ये अचिव्हमेंट मोजक्या, एकेकीला गुण भरघोस आणि बरेचसे काम घरबसल्या एकट्याने उरकणारे. एप्रिल २००६मध्ये '२००६ फिफा वर्ल्ड कप' आला, त्याच वर्षी कोनामीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर ६'ही ३६०वर उतरला. डिसेंबर २००७मध्ये 'सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर'सारखा १९९०च्या दशकातला गेमही २०० गुणांसह परतला.

प्लेस्टेशन ३ची गोष्ट वेगळी. तिथे अचिव्हमेंटसारख्याच ट्रॉफी जुलै २००८मध्ये सुरू झाल्या आणि २००९च्या सुरुवातीपासून नव्या गेमना सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या गेमला नंतर पॅच (सुधारणेचे अपडेट) मिळाला नसेल, तर त्यात एकही ट्रॉफी नाही. प्लॅटिनमच्या, म्हणजे बाकी सगळ्या ट्रॉफी जमवल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीच्या आशेने त्या काळातली डिस्क घेणाऱ्याने हे आधीच तपासावे.

यानंतर गाडी ऑनलाइनकडे वळली. 'फिफा ०९'मध्ये दहा विरुद्ध दहा खेळाडूंचे क्लब सामने आले. मार्च २००९मध्ये त्याच गेमला अल्टिमेट टीमची, म्हणजे खेळाडूंची कार्डे जमवून संघ बांधण्याच्या मोडची जोड मिळाली, तीही वेगळे पैसे मोजून. 'फिफा १२'पर्यंत हा मोड थेट डिस्कवर पोचला होता. फिफा मालिका काढणाऱ्या ईए कंपनीला खेळाडू सर्व्हरवर, म्हणजे ऑनलाइन सामने चालवणाऱ्या तिच्या संगणकांवर, खिळवून ठेवायचा होता, म्हणून अचिव्हमेंटही तिकडे सरकल्या: ऑनलाइन सामना जिंका, क्लबमध्ये खेळा, मित्राला हरवा. भरीस भर म्हणून ईएने २०१०मध्ये ऑनलाइन पास आणला. डिस्कसोबतचा कोड एकदा वापरला गेला की जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाइन खेळण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागत. २०१३मध्ये कंपनीने तो प्रकार गुंडाळला.

दरवर्षी नवा भाग येणाऱ्या मालिकेत जुन्या भागाचा सर्व्हर कधीतरी बंद होणारच. सर्व्हर गेला की ऑनलाइन अचिव्हमेंट यादीत दिसत राहते, पण ती कोणालाही मिळत नाही. मला यात खरोखर अन्याय वाटतो. गेम विकताना १००० गुणांचा म्हणून विकला, मग त्यातले काही गुण कंपनीच्या एका निर्णयाने कायमचे हातचे गेले. निदान ऑफलाइन पर्याय देणारा शेवटचा पॅच देणे अवघड नव्हते.

जुने भाग आता मिळतातही फार कमी. ईए आणि फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना यांची फारकत झाली, सप्टेंबर २०२३मध्ये 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' आला आणि फिफा नावाचे जुने भाग डिजिटल दुकानांतून काढले गेले. २९ जुलै २०२४ला एक्सबॉक्स ३६०चे दुकानही बंद झाले. नव्या एक्सबॉक्सवर चालणाऱ्या ३६०च्या गेमच्या यादीत फिफाचे भाग आलेच नाहीत. म्हणजे डिस्क हवी आणि मूळ कन्सोलही हवा.

माझे मत विचाराल तर २००५ ते २००७मधला गेम जरूर घ्यावा, मात्र यादीत ऑनलाइनची अट नाही ना, हे पाहून. २००९नंतरचा गेम फक्त गुणांची भर म्हणून चालेल. ज्याला प्रत्येक गेम शंभर टक्के पूर्ण केल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये, कारण अर्धवट गेम प्रोफाइलवर तसाच राहतो.

एकदा गेम निवडला की वेळ वाचवता येतो. हाफचा अवधी सर्वांत कमी ठेवायचा आणि दुसरा कंट्रोलर जोडायचा. सामन्याआधी संघ निवडताना प्रतिस्पर्धी संघ त्या कंट्रोलरकडे द्यायचा आणि कंट्रोलर बाजूला ठेवून द्यायचा. जिथे अचिव्हमेंटला संगणकाच्याच संघाला हरवण्याची अट असते, तिथे ही युक्ती चालत नाही, म्हणून अटीचा मजकूर शब्दन् शब्द वाचायचा.