तापात अंथरूण का धरावेसे वाटते?

अंगात कणकण भरली की माणूस बोलेनासा होतो. आवडीची आमटी पुढे आली तरी घास तोंडात फिरतो, खिडकीतला उजेड डोळ्यांना खुपतो आणि विचारपूस करायला आलेल्याने लवकर निघावे असे वाटते. हे सारे अशक्तपणामुळे होते, ही समजूत अर्धवट आहे. ही मरगळ मेंदूनेच आणलेली असते, आणि तसे करण्याचा निरोप त्याला आपल्याच प्रतिकारयंत्रणेकडून आलेला असतो.

जंतू शिरले की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली प्रमुख. इतर पेशींना लढाईला बोलावणे हे त्यांचे ठळक काम. पण त्यांचा निरोप मेंदूपर्यंतही जातो. एक वाट रक्ताची: मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी हा निरोप ओळखून प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तयार करतात आणि त्यामुळे हायपोथॅलॅमस हा मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग शरीराचे तापमान चढवतो. दुसरी वाट पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेची. १९९० च्या दशकात उंदरांच्या पोटात जिवाणूंच्या आवरणातला एक घटक टोचला गेला, तेव्हा ते कोपऱ्यात अंग आक्रसून बसले आणि पिंजऱ्यात सोडलेल्या नव्या पिल्लाला हुंगायलाही उठेनात. ज्यांची व्हेगस चेता पोटाजवळ आधीच कापलेली होती ते उंदीर मात्र, सायटोकाइन तयार होत असूनही, त्या पिल्लाकडे बऱ्यापैकी लक्ष देत राहिले.

या सुस्तीचा उपयोग काय? ताप चढवायला भरपूर ऊर्जा लागते, ती हिंडण्याफिरण्यात खर्च होऊ नये. आणि ताप जीव वाचवू शकतो. स्वतः शरीर तापवू न शकणारा वाळवंटी इग्वाना हा सरडा आजारी पडला की ऊबदार जागी सरकतो; मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले की जिवाणूंचा संसर्ग झालेल्या इग्वानांना थंड जागी ठेवले तर त्यांच्यातले अधिक मरतात.

हाच निरोप महिनोन्‌महिने चालू राहिला तर काय होते, हे हेपॅटायटिस सीच्या रुग्णांनी फार सोसून दाखवले. नवी औषधे येण्यापूर्वी त्यांना इंटरफेरॉन-अल्फा, म्हणजे एक सायटोकाइनच, दीर्घकाळ टोचले जाई. सुरुवातीला थकवा आणि भूक मंदावणे, पुढे कित्येकांना खरेखुरे नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार. यकृताच्या आजाराने खचला असेल, असे म्हणून घरच्यांनी त्यांची समजूत काढली असेल. पण त्या खिन्नतेचे एक कारण सिरिंजमध्ये होते. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० रुग्णांवरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शने सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यविरोधी औषध घेणाऱ्यांत ११ टक्क्यांना तीव्र नैराश्य आले, तर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ४५ टक्क्यांना.

म्हणून प्रत्येक नैराश्य दाहातूनच, म्हणजे प्रतिकारयंत्रणा अशी चेतलेली राहण्यातूनच येते, असे मात्र मुळीच नाही. टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर वापरून पाहिले गेले, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला: एकूण गटात ते दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरले नाही, ज्यांच्या रक्तात दाहाची खूण असलेले सीआरपी हे प्रथिन आधीपासून वाढलेले होते, त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हे दिसली.