स्पॅनिश पुस्तकातलं 'वोस' गेलं कुठे?

स्पॅनिशमध्ये अनुवादित कादंबरी घेताना ती बार्सिलोनात छापलीय की ब्युनोस आयर्सला, हे आधी बघावं लागतं. चार मित्रांना मिळून हाक मारताना माद्रिदचा माणूस 'वोसोत्रोस' म्हणतो, अमेरिका खंडात सगळीकडे 'उस्तेदेस'. एकट्या मित्राला 'तुझ्याकडे आहे' म्हणायला स्पेन-मेक्सिकोत 'तू तिएनेस', अर्जेंटिनात 'वोस तेनेस'. आपल्याकडे पुण्यात 'जातोस' आणि मालवणात 'जातंस', तसंच. फरक इतकाच, की तिथे 'मालवणी' बोलणारी अख्खी राजधानी आहे, ब्युनोस आयर्स.

हे 'वोस' मूळचं स्पेनचंच, सोळाव्या शतकात जहाजांतून गेलेलं. पुढे स्पेनने ते टाकलं, व्हाइसरॉयचे दरबार असलेल्या लिमा आणि मेक्सिकोनेही टाकलं; दरबारापासून लांब, अर्जेंटिनात ला प्लाता नदीच्या काठी ते टिकलं. १८४७ साली खास अमेरिकनांसाठी व्याकरण लिहिणाऱ्या पंडितालाही ते गावंढळ वाटलं. अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने त्याला मान्यता दिली ती थेट १९८२ मध्ये.

खरा घोळ घातला तो प्रकाशकांनी. १९३६-३९च्या यादवीनंतर स्पेनमधली बरीच प्रकाशक मंडळी ब्युनोस आयर्स आणि मेक्सिकोला गेली. पुढची दोन-तीन दशकं स्पेनमधले वाचकसुद्धा, सेन्सॉरची नजर चुकवून, तिथली पुस्तकं वाचत. पुस्तकं बोगोटा-लिमापर्यंत खपवायची, म्हणून अनुवादात 'तू'च ठेवायचं ठरलं. परिणाम मजेशीर: ब्युनोस आयर्सच्या एकाच दुकानात स्थानिक कादंबरीतला गुंड 'वोस' म्हणतो आणि शेजारच्या फळीवरचा शिकागोचा गुंड 'तू', जे त्या शहरात रस्त्यावर कुणी बोलत नाही! याला 'नेउत्रो', म्हणजे तटस्थ स्पॅनिश, असं गोंडस नाव मिळालं. परदेशी चित्रपटांच्या डबिंगसाठी अर्जेंटिनाने १९८६ मध्ये तसा कायदाही केला. त्याचे नियम यायला २०१३ उजाडलं. कुणाचीच नसलेली बोली तटस्थ कशी, हा तिथल्या अनुवादकांचा जुना सवाल आहे, आणि तो रास्त आहे.

दरम्यान बार्सिलोनाने बाजार परत मिळवला. आता तक्रार उलटी: अनुवादातला न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला माद्रिदच्या शिव्या देतो. शिवाय स्पेनमध्ये बस 'कोखेर' करतात, म्हणजे पकडतात. अर्जेंटिनात, मेक्सिकोत त्या क्रियापदाचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. काही बालपुस्तकांच्या म्हणूनच दोन-दोन आवृत्त्या निघतात. ई-बुकच्या दुकानात मात्र बहुतेकदा भाषेपुढे नुसतं 'स्पॅनिश' असतं. कुठली, ते कळायला नमुना उतरवून कॉपीराइटचं पान बघावं लागतं.