लझानियातली खळ

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन महिन्यांनी फिरून येतो: मैद्याची खळ करतात, खळीने पोस्टर चिकटवतात, म्हणून मैदा आतड्याला चिकटतो. या वेळी तो आला तेव्हा मी गॅसपाशी उभा राहून नेमकी खळच ढवळत होतो. लझानियासाठी, म्हणजे पास्त्याच्या पट्ट्यांचे थर रचून ओव्हनमध्ये भाजायच्या इटालियन पदार्थासाठी.

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या लझानियात पालक घालून केलेल्या अंड्याच्या पास्त्याच्या हिरव्या पट्ट्या, तासन् तास मंद आचेवर शिजलेला खिम्याचा रागू, बेशामेल म्हणजे आपला व्हाइट सॉस, आणि किसलेलं पार्मेजान चीज. मोझरेला आणि रिकोटा ही चीज घालतात ती नेपल्सकडच्या लझानियात. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे १९८२ साली रागूची कृती रीतसर नोंदवलेली आहे, २०२३ मध्ये ती सुधारलीही. आपण पुरणपोळीची अशी नोंद करायला बसलो तर गूळ की साखर यावरच पहिली बैठक उधळेल.

बेशामेलला ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, मीठ, जायफळ. बटरमध्ये मैदा आधी का परतायचा? कोरडा मैदा गरम दुधात टाकला की गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आत पाणी जाऊच देत नाही. गुठळी फोडली की आत कोरडं पीठ निघतं. पिठल्यात हा अनुभव सगळ्यांनी घेतलेला असतो. बटर कणाकणाला वेढून त्यांना सुटं ठेवतं. मात्र मैदा तांबूस होऊ दिला तर स्टार्चचे रेणू तुटतात आणि सॉस पातळ राहतो.

आता खरी गंमत. गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण साधारण २० ते ३५ मायक्रॉनचे. थंड दुधात ते नुसते तळाशी बसतात. तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की कणांतली घट्ट रचना सैल होते, पाणी आत शिरतं आणि कण टम्म फुगतात. स्टार्चमध्ये दोन रेणू असतात: फांद्याफांद्यांचा अमायलोपेक्टिन, सुमारे तीन चतुर्थांश, आणि सरळ लांब साखळीचा अमायलोज. फुगलेल्या कणातून अमायलोज बाहेर झिरपतो आणि त्याचे धागे दुधात एकमेकांत गुंततात. पातेल्यातला चमचा एकाएकी जड होतो तो हाच क्षण. मोदकाची उकड झाकण ठेवून वाफवतो तेव्हा तांदळाच्या पिठात हेच घडतं.

निवताना अमायलोजच्या साखळ्या शेजारीशेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी जोडल्या जातात आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. याला रिट्रोग्रेडेशन म्हणतात. शिळा भात टणक होतो त्यालाही हेच कारण.

मग मैदा आतड्याला का चिकटत नाही? पोस्टरची खळ पक्की चिकटते ती वाळल्यावर, आणि आतडं काही वाळत नाही. शिवाय लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे पाचक विकर या साखळ्यांचे तुकडे करतं. शिजलेल्या स्टार्चवर तर कच्च्यापेक्षा जास्त सहज. मैद्याविरुद्ध तक्रार करायचीच तर करा ना: तंतू जवळजवळ नाहीत, रक्तातली साखर पटकन चढते. त्यासाठी आतड्यात पोस्टर लावायची गरज नाही.

थर रचले, ओव्हन १८० अंशांवर, चाळीसेक मिनिटं. आतलं पाणी असेपर्यंत मधले थर १०० अंशांपलीकडे जात नाहीत. वरचं चीज मात्र कोरडं पडून खरपूस होतं. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्यात सॉस आळतो, सुरी सरळ उतरते आणि कापलेल्या तुकड्याचे थर मोजता येतात. आमच्या घरी एवढा धीर कुणालाच नाही, त्यामुळे पहिला तुकडा नेहमी डावानेच वाढावा लागतो.