रिमोट किल्लीची ओळख न पटणे (मोटारगाडी)

बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारगाडीत किल्ली खिशात असूनही ती ‘सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर येणे, दार न उघडणे किंवा इंजिन चालू न होणे, या दोषाला हे नाव देता येते. बोलीभाषेत ‘चावी पकडत नाही’ असे म्हणतात.

वरकरणी एकच दिसणाऱ्या या किल्लीत निरनिराळी कामे एकत्र आलेली असतात. दार उघडण्याचे बटण दाबले की किल्लीतून रेडिओ संदेश जातो. भारतात व युरोपात त्यासाठी बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ, तर अमेरिकेत व जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपासची कंप्रता वापरतात. खिशातल्या किल्लीला गाडी स्वतःच साद घालते ती सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लघुपल्ल्याच्या क्षेत्रातून, आणि किल्ली तिला रेडिओवरून उत्तर देते. या दोन्ही कामांना सेल लागतो. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरला किल्लीची ओळख पटवणाऱ्या ट्रान्सपॉन्डर चिपला मात्र सेलची गरज नसते, कारण गाडीतील वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते. ही विभागणी ध्यानात घेतली की निदानाचे बरेचसे काम झाले.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. किल्लीत दडलेल्या धातूच्या पात्याने दार उघडावे, ब्रेक दाबून धरावा आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून ते दाबावे. काही गाड्यांत ही जागा कपहोल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर असते आणि ती वाहनपुस्तिकेत दाखवलेली असते. इंजिन चालू झाले तर चिप शाबूत असून दोष बहुधा सेलचा आहे. एवढ्या माहितीअभावी धडधाकट गाडी टोचन करून नेली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

अनेक किल्ल्यांत सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा चपटा सेल असतो. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. खाचेत नाणे किंवा पात्याचे टोक घालून कवच उकलावे, अधिक चिन्हाची बाजू कोणीकडे आहे ते आधी पाहून ठेवावे, आणि नवा सेल कडेने धरून बसवावा. नवा सेल घालूनही किल्ली मुकीच राहिली, तर सेलला स्पर्श करणाऱ्या पत्र्याच्या जिभा दबल्या आहेत का ते पाहावे. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो, आणि तोही क्वचित संपर्कात अडथळा आणतो. पावसात भिजलेल्या किल्लीत जिभांवर हिरवट गंज चढलेला आढळतो.

सेल ठीक असताना शेजारच्या वस्तूंवर संशय घ्यावा. मोबाइल, बिनतारी चार्जर आणि सिगारेट-लायटरच्या खोबणीतले स्वस्त चार्जर ही नेहमीची कारणे आहेत. एकाच कडीत दोन गाड्यांच्या किल्ल्या अडकवल्यास दोन्ही चिपा एकाच वेळी उत्तर देऊन गोंधळ घालू शकतात. एकाच वाहनतळाच्या कोपऱ्यात त्रास होत असेल, तर कारण त्या जागीच असते.

किल्लीचे बटण दर वेळी नवा संकेत पाठवते. गाडीपासून दूर, पिशवीत दाबले जाऊन ते पुष्कळ वेळा चालले, की गाडीची संकेतांची मोजणी मागे पडते. अशा वेळी गाडीजवळ लागोपाठ दोनदा दाबल्याने अनेक प्रणाली पुन्हा जुळतात. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली असतानाही हाच संदेश येऊ शकतो, म्हणून दिवे मंद आहेत का ते पाहावे. दुसरी किल्ली नीट चालत असेल तर दोष पहिल्या किल्लीत आहे. दोन्ही अडत असतील तर गाडीतील अँटेना किंवा नियंत्रक तपासण्यासाठी, तसेच किल्लीचे कोडिंग नव्याने करण्यासाठी, निदानयंत्र असलेल्या कारागिराकडेच जावे लागते.