तडा भोकापासून निघतो

नळदुर्गचा पाणीमहाल बघून मोटारसायकलवरून सोलापूरला परतत होतो. जूनचा पहिला आठवडा. पाऊस आला नव्हता, पण पश्चिमेचा वारा सुटला होता आणि तो थेट तोंडावर. बोरामणी यायच्या आधी एका कंटेनरला मागे टाकलं. त्याच्या आडोशातून बाहेर पडलो तोच वाऱ्याचा धपका बसला, काहीतरी टक् करून तुटलं आणि विंडशील्डची, म्हणजे हँडलसमोर वारा अडवणाऱ्या काचेची, डावी बाजू हँडलवर आपटायला लागली. ब्रेक न दाबता वेग कमी होऊ दिला, गाडी कडेला घेतली. अख्खी काच उजवीकडच्या एकट्या ब्रॅकेटवर लोंबत होती. आणखी वीतभर खाली आली असती, तर हँडल आणि टाकीच्या मध्ये अडकली असती, आणि मग हँडल वळलं नसतं.

‘माल हलका होता’ ही आपली सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया. माझीही तीच होती. घरी येऊन डाव्या ब्रॅकेटची तुटलेली पट्टी भिंगाखाली धरली तेव्हा मत बदललं. ती पट्टी त्या दिवशी तुटलीच नव्हती. म्हणजे शेवटचा थोडा भाग त्या दिवशी गेला. बाकीची कितीतरी दिवस आधीपासून तुटत आली होती आणि मी रोज तिच्याकडे बघून गाडी काढत होतो.

आधी वाऱ्याचा हिशोब. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यात उन्हाळा, त्यामुळे इथली हवा जरा विरळ. घनमीटरला साधारण 1.1 किलो धरू. माझी काच 40 सेंटिमीटर रुंद आणि 45 उंच. सोयीसाठी ती वाऱ्याला सरळ आडवी उभी आहे असं मानलं, तर ताशी 80 किलोमीटरला तिच्यावर सुमारे 5 किलो वजनाइतका रेटा येतो. काच मागे झुकलेली असते, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. आता समोरून 25 किलोमीटर वेगाचा वारा असेल तर काचेच्या दृष्टीने वेग 105 झाला. रेटा साडेआठ किलोवर जातो. स्पीडोमीटरवर काटा मात्र 80 वरच.

तरी साडेआठ किलो म्हणजे काय मोठंसं? ज्वारीची लहान पिशवी. पण हा रेटा काचेच्या मध्यावर बसतो आणि बोल्ट असतात खाली. पहारीने धोंडा उचलतो तोच प्रकार इथे आपल्याविरुद्ध चालतो: वरचा हात लांब, खालचा तोकडा. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि रेटा त्यांच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून 20 सेंटिमीटर वर असेल, तर बोल्टांच्या जोडीवर रेट्याच्या दुपटीने ओढ येते. शिवाय कंटेनरच्या आडोशात हा रेटा जवळजवळ नाहीसा होतो आणि बाहेर पडताच एका झटक्यात परत येतो.

एवढं धरूनही चांगली लोखंडी पट्टी एका धपक्याने तुटायला नको. तिला आधीच पोखरलेलं होतं ते इंजिनाने.

माझी गाडी एका सिलिंडरची. 80 च्या वेगाला तिचं इंजिन मिनिटाला साधारण 4000 फेरे मारतं, आणि प्रत्येक फेऱ्याला पिस्टन वर-खाली जाताना गाडीला एक हिसका देतो. सेकंदाला 67 हिसके. सोलापूर ते पुणे तीन तासांत गेलो असं धरा (वाटेत भिगवणला मासे खायला थांबलात तर तो वेळ वेगळा), तर ब्रॅकेटने एका खेपेत सव्वासात लाखांच्या आसपास झोके खाल्ले. जाऊन-येऊन साडेचौदा लाख. हे झोके इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत, फक्त आरशातली मागची गाडी जराशी पुसट होते.

लहान ताण पुन्हा पुन्हा दिला तर धातू त्याच्या ताकदीच्या कितीतरी खालीच तुटतो, हे आगगाड्यांच्या काळात लोकांना कळलं. जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी 1850 च्या दशकापासून रेल्वेच्या आसांवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यांवर, प्रयोग केले. आस फिरवत ठेवायचा, त्यावर ठरावीक भार द्यायचा आणि किती फेऱ्यांनी तुटतो ते मोजायचं. भार कमी केला की आस जास्त फेरे टिकायचा. याला म्हणतात धातूचा थकवा. पोलादाची एक चांगली गोष्ट अशी, की ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते व्यवहारात थकतच नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण कमी असेल तर दिवस लांबतात, एवढंच. बाजारात मिळणारे चकचकीत ॲल्युमिनियमचे क्लॅम्प घेताना हे ध्यानात असावं. वाईट नसतात, पण त्यांचं आयुष्य मोजलेलं असतं.

आणि हा ताण सगळीकडे सारखा नसतो. रुंद पट्टीला एक बारीक गोल भोक पाडलं आणि ती ओढली, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. हे गणित जर्मनीत कीर्श यांनी 1898 मध्ये मांडलं. भोक गोल न राहता ओढीच्या आडव्या दिशेला लांबट आणि टोकदार झालं की तिपटीचं आणखी वाढतं. ते इंग्लंडच्या इंग्लिस यांनी 1913 मध्ये दाखवलं. म्हणून ब्रॅकेट असो की काच, तडा भोकापासून निघतो. बोथट ड्रिलने पाडलेलं, कडेला खरखर राहिलेलं भोक म्हणजे तड्याला आमंत्रणच. तापवलेला खिळा घालून काचेला भोक पाडणारेही पाहिले आहेत. त्याबद्दल काय बोलावं!

माझ्या पट्टीवर हे सगळं लिहिलेलंच होतं. भोकाच्या एका कडेपासून गुळगुळीत, काळपट, गंज धरलेला भाग, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक बारीक वळ्या. प्रत्येक वळी म्हणजे तडा पुढे सरकताना थांबला ती जागा. मग दुसऱ्या टोकाला चमकणारा, खडबडीत, ताजा तुकडा. तो बोरामणीचा.

पट्टी शेजारच्या काकांना दाखवली. काका आमच्या पूर्व भागात यंत्रमागाचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते, आता घरीच असतात. टॉवेलच्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आदळतो, त्यामुळे ‘नट ढिला का होतो’ या विषयावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस मला दुसरा ठाऊक नाही. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि बोल्ट मागितला. “हा आधी ढिला झाला असणार,” म्हणाले. “मग पट्टी नाचली.”

बरोबर होतं. बोल्ट आवळतो तेव्हा तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब आहे तोवर भाग एकमेकांवर घसरत नाहीत. धक्के बोल्टच्या आडव्या दिशेने आले आणि भाग केसभर जरी घसरू लागले, तरी आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि नट प्रत्येक धक्क्याला कणभर उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये यंत्रावर हे करून दाखवलं. त्या चाचणीत आपला लाडका स्प्रिंग वॉशर फारसा उपयोगी पडत नाही. आत नायलॉनची कडी असलेला नट बराच टिकतो. काकांचा उपाय जुना, चेकनटचा: एका नटावर दुसरा नट उलट आवळायचा. नीट बसवला तर तोही चालतो.

मग मी जे केलं ते बहुतेक जण करतात. नवी पट्टी आणली आणि सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. काका गेटातून बघत होते. “अरे, इतकं कशाला आवळलालास? काच हाय ती, रूळ न्हाई.”

आपण जिला काच म्हणतो ती बहुधा पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लास्टिक. पॉलिकार्बोनेट तापलं की लोखंडाच्या पाचपटीहून जास्त फुगतं. आपल्याकडे मेमध्ये पारा 43-44 ला जातो आणि उन्हात लावलेल्या गाडीची काच त्याहून बरीच तापते. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे हीच काच गार पडलेली असते. तापमानात 40 अंशांचा फरक धरा. 40 सेंटिमीटर अंतरावर भोकं असतील तर त्यांच्यातलं अंतर काचेत सुमारे 1.1 मिलिमीटरने बदलतं, लोखंडी पट्टीत जेमतेम 0.2 ने. उरलेला जवळजवळ मिलिमीटरभर कुठेतरी जिरायला हवा. म्हणूनच काचेतलं भोक बोल्टपेक्षा मोठं असतं, मध्ये रबरी बुश म्हणजे रबराची कडी असते, वर नायलॉनचा वॉशर असतो. आपण तो बुश चेपून चपटा केला की ती जागा संपली. मग प्रत्येक ऊन भोकाच्या कडेला ओढ देतं. वर आणखी एक गंमत अशी, की सतत दाबाखाली प्लास्टिक हळूहळू पसरतं, पातळ होतं, आणि जीव खाऊन आवळलेला बोल्ट महिन्याभरात आपोआप ढिला होतो. तेव्हा काचेचे बोल्ट आखूड ॲलन कीने, दोन बोटांच्या जोराने, बुश जरासा फुगेपर्यंत आवळावेत. मागातही धोटा आदळतो तिथे चामडं असतं, लोखंडावर लोखंड नसतं, हे मला काकांनी तेव्हा सांगितलं.

ताणात असलेल्या प्लास्टिकला पेट्रोल लागलं की काय होतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. किडे चिकटले म्हणून चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून काच पुसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. थिनर, अमोनिया असलेले घरच्या काचा पुसायचे स्प्रे, हेही तसेच. यातली रसायनं प्लास्टिकच्या साखळ्यांमध्ये शिरतात आणि जिथे आधीच ओढ आहे तिथे, म्हणजे भोकाभोवती, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. नुसत्या ताणाने वर्षानुवर्षं काही झालं नसतं, ते पेट्रोलच्या जोडीने काही दिवसांत होतं. नट सुटू नये म्हणून लावतात तो थ्रेडलॉकरसुद्धा प्लास्टिकला हेच करतो. तो हँडलवरच्या क्लॅम्पला, लोखंड-लोखंड जोडाला लावा, मध्यम ताकदीचा. काचेच्या बोल्टला नको. किड्यांसाठी साबणाचं पाणी आणि ओला मऊ टॉवेल. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

आता मी लांब जायच्या आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं देतो. आदल्या संध्याकाळी अशासाठी, की सकाळी काही सापडलं तर माणूस ‘येऊन बघू’ म्हणतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन काचेची वरची कड दोन बोटांनी मागे-पुढे हलवतो. थोडी लवचीकता हवीच. रबर दबल्यासारखं वाटलं तर ठीक, टकटक ऐकू आली तर कुठेतरी जोड सुटलाय. मग काचेमागे तिरपा टॉर्च धरतो. समोरून न दिसणारी भेग तिरप्या उजेडात चांदीच्या तारेसारखी चमकते. रबरी बुश नखाने दाबतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात आणि ताणलेल्या बाजूला आडव्या चिरा पडतात. असा बुश दहा-वीस रुपयांत बदलून होतो, त्यावर विचार करत बसू नये. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल आणि वायरी कुठे घासत नाहीत ना, हे बघायचं.

चालवतानाही काच बोलते. विशिष्ट वेगाला थरथरते आणि त्याच्या वर गेलं की शांत होते, तर तो अनुनाद: इंजिनाच्या हिसक्यांची गती आणि काच-ब्रॅकेटची स्वतःची झुलण्याची गती जुळली. पूर्वी 90 ला थरथरायची ती आता 75 ला थरथरू लागली, तर समजायचं की जोड सैल झालाय, कारण जोड सैल झाला की झुलण्याची गती खाली येते. हेल्मेट हलतं ते वेगळं. काचेच्या कडेवरून सुटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचा तो मार असतो, 90 च्या वेगाला सेकंदाला सुमारे दहा. त्याचा बोल्टशी संबंध नाही.

तडा सापडलाच तर टोकाला बारीक भोक पाडून तो थोपवता येतो. टोकाचा तीक्ष्णपणा गेला की ताण उतरतो. कीर्श-इंग्लिस यांचंच गणित, आपल्या बाजूने वापरलेलं. पण हे घरी पोचण्यापुरतं. भोकाशीच तडा असेल तर काच काढून डिकीत टाका आणि वारा खात घरी या.

आणि एक. गाडी पार्किंगमधून मागे घेताना काचेला धरून ओढू नये. मी ओढत नाही, पण आमच्या अपार्टमेंटमध्ये प्रत्येकजण माझी गाडी सरकवताना नेमकं तेच धरतो.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर मी बायकोच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पान्हा लागत नाही. काकांनी ती पाहिली आणि म्हणाले, मागावर आम्ही चुन्याने करायचो. गेल्या रविवारी अक्कलकोटहून आलो तेव्हा डावीकडची खालची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती. बोल्ट काढला. आतला बुश एका बाजूने चिरला होता.