उत्तर आलं नाही, म्हणजे नक्की झालं काय?

समजा एका सर्व्हरने दुसऱ्याला सांगितलं की हे पेमेंट नोंदव, आणि पाच सेकंद झाले तरी तिकडून काहीच आलं नाही. मेसेज वाटेतच हरवला असेल, किंवा पोचला पण समोरचा सर्व्हर तेवढ्यात बंद पडला, किंवा काम व्यवस्थित झालं पण उत्तर परत येताना हरवलं, किंवा यातलं काहीच नाही, समोरच्यावर फक्त लोड खूप आहे आणि सहाव्या सेकंदाला उत्तर येणार आहे. पाठवणाऱ्याला हे चारही प्रकार अगदी सारखे दिसतात. डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम, म्हणजे एकच काम मिळून करणारी अनेक मशीन्स, अवघड का असते असं कोणी विचारलं की मी आधी हेच सांगतो, बाकी बरीच गुंतागुंत इथूनच सुरू होते.

सगळं एकाच कॉम्प्युटरवर असतं तर हा प्रश्न फारसा आलाच नसता, तो एकतर चालू असतो नाहीतर बंद. पण एक मशीन कितीही मोठं घेतलं तरी कधीतरी अपुरं पडतं, आणि ते बंद पडलं की सगळंच बंद, म्हणून काम आणि डेटा अनेक मशीन्सवर वाटून टाकतात. मग हिशोबच बदलतो. एक सर्व्हर सरासरी तीन वर्षांतून एकदा बिघडतो असं धरा, तर १००० सर्व्हर असले की जवळपास रोज एक बिघडणार. त्यामुळे डिझाइन करताना "बिघडलं तर" असा विचार करून भागत नाही, आत्ता या क्षणी कुठेतरी काहीतरी बिघडलेलंच आहे हे धरूनच चालावं लागतं.

नुसतं स्लो असणं तर कधीकधी बंद असण्यापेक्षा जास्त त्रास देतं. एखादा सर्व्हर १०० पैकी ९९ वेळा झटकन उत्तर देतो, एकदाच रेंगाळतो, ऐकायला किती छान वाटतं ना! पण एखादी रिक्वेस्ट अशा १०० सर्व्हर्सना विचारून सगळ्यांची उत्तरं आल्यावरच पुढे जाणार असेल, तर त्यातला एक तरी रेंगाळण्याची शक्यता ६३ टक्के होते. मशीन्स वाढवली की सिस्टीम आपोआप फास्ट होते, हा समज इथेच मोडतो.

बरं, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, हे तर कोणालाही सुचेल. पण पहिल्या वेळी काम झालेलं असेल तर पेमेंट दोनदा नोंदलं जाणार. म्हणून काम असं मांडायचं की ते कितीही वेळा सांगितलं तरी परिणाम एकदाच व्हावा. "बटण दाब" असं दोनदा सांगितलं तर दिवा लागून परत विझतो, "दिवा चालू ठेव" असं दहा वेळा सांगितलं तरी दिवा चालूच. प्रत्यक्षात प्रत्येक रिक्वेस्टला एक वेगळा नंबर देतात, आणि तोच नंबर परत आला की सर्व्हर काम पुन्हा न करता आधीचंच उत्तर परत पाठवतो. साधी गोष्ट आहे, पण ती सुरुवातीपासून असायला हवी, नंतर घुसवणं फार जड जातं.

रिट्रायचा, म्हणजे पुन्हा विचारण्याचा, दुसरा धोका मला त्याहून मोठा वाटतो. एकाखाली एक अशा तीन सर्व्हिस आहेत आणि प्रत्येक जण खालच्याला तीनदा विचारतो, तर तळाशी असलेल्या, आधीच दमलेल्या डेटाबेसवर एका रिक्वेस्टच्या २७ होऊन आदळतात. मदत म्हणून केलेला रिट्रायच त्याला पूर्ण झोपवतो! म्हणून दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करतात, १ सेकंद, मग २, मग ४, आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळतात, नाहीतर सगळे एकाच क्षणी परत येऊन धडकतील.

आता यातला सगळ्यात खोल भाग. डेटाच्या पाच कॉपी ठेवल्या तर लिहिण्याचा क्रम ठरवायला सहसा एक लीडर नेमतात, आणि लीडर गेला की बाकीचे मतदान करून नवीन निवडतात. पण तो खरंच गेला का? १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की मेसेजला कितीही उशीर होऊ शकत असेल आणि एक जरी मशीन बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत ठराविक पायऱ्यांच्या (म्हणजे रँडम काहीच नसलेल्या) कुठल्याच अल्गोरिदमने प्रत्येक वेळी होईलच याची खात्री देता येत नाही. मूळ कारण तेच, मेलेला आणि स्लो यात फरक करता येत नाही. मला हा निकाल फार सुंदर वाटतो. लेस्ली लॅम्पोर्टचा पॅक्सॉस आणि २०१४ चा राफ्ट हे एकमत घडवणारे अल्गोरिदम त्या निकालाशी भांडत नाहीत, ते म्हणतात की एखाद वेळी अडकून थांबू, पण चुकीचा निर्णय घेणार नाही. पाचपैकी तिघांनी हो म्हटल्याशिवाय काहीच पक्कं होत नाही, आणि तिघांचे कुठलेही दोन गट घेतले तरी एक मशीन दोन्हीकडे असतंच, त्यामुळे परस्परविरोधी दोन निर्णय पक्के होऊच शकत नाहीत.

तरीही एक फट उरते. समजा जुना लीडर मेमरी साफ करण्यात १५ सेकंद गोठला, बाकीच्यांनी त्याला मेलेला समजून नवीन निवडला, आणि मग तो जागा झाला, त्याला यातलं काहीच माहीत नाही, तो अजून स्वतःला लीडर समजून स्टोरेजवर लिहायला निघतो. त्याला आधी घड्याळ बघायला सांगून उपयोग नाही, कारण तो घड्याळ बघितल्यानंतरच्या क्षणीही गोठू शकतो. म्हणून दर निवडणुकीला एक वाढता नंबर देतात आणि लिहिताना तो दाखवावा लागतो. जुन्याकडे ७ आहे, स्टोरेजने आधीच ८ पाहिलेला आहे, त्यामुळे ७ वालं लिखाण तिथेच नाकारलं जातं, आणि आपल्यानंतर दुसरा लीडर आलाय हे जुन्याला कळतं ते त्या नकारातूनच.